आशाच्या नावावरची पुस्तकं

"एकेचाळीस! एका वर्षात एकेचाळीस पुस्तकं!" वाचनालयाचे चिटणीस शरच्चंद्र काका नोंदवही उंचावत म्हणाले. "आशा, ये, वर ये. यातली एखादी गोष्ट सांग बघू सगळ्यांना."

भवानीपुरातल्या छोट्याशा मराठी वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता. तेरा वर्षांची आशा व्यासपीठावर जाऊन आईकडे बघत राहिली. कालिंदीने मान खाली घातली. तिच्या पिशवीत बेचाळिसावं पुस्तक होतं. शेवटची तीस पानं राहिली होती.

आशा कलकत्त्यातच वाढलेली. बंगाली गोष्टी भराभर वाचायची, मराठीत मात्र अडखळायची. तिच्यासाठी म्हणून कालिंदीने कुमारांच्या कपाटातलं पहिलं पुस्तक बेहाला उपनगरातल्या घरी नेलं, दुपारी सहज उघडलं, आणि दिवेलागण झाली तरी खाली ठेवलं नाही.

शारदा कायद्यापुरतं चौदावं वर्ष पूर्ण होताच कालिंदीचं लग्न लावून दिलं होतं. मोठ्यांच्या कादंबऱ्यांतल्या बायका पहिल्या पानापासूनच कुणाच्या तरी सुना असत. त्यांचं दुःख तिला पाठ होतं. या पुस्तकांतल्या मुलींचं अजून काहीच ठरलेलं नसे. त्या होडीत बसत, वाट चुकत, धडधडीत खोटं बोलत, तरी त्यांना कुणी टाकून देत नसे. छत्तिसाव्या वर्षी कालिंदीचा जीव त्यांच्यासाठी टांगणीला लागायचा. पोळ्या लाटताना ती आशाला ते सगळं सांगायची. आशा भूगोलाच्या वहीतून डोकं वर काढत नसे.

"बोल ना, लाजतेस काय?" काका म्हणाले.

समोर आशाच्या दोन मैत्रिणी तोंडावर हात धरून बसल्या होत्या.

"मी नाही वाचली," आशा म्हणाली. "सगळी आईनं वाचली. माझं नुसतं नाव."

हशा पिकला. सगळ्यांत मोठा आवाज कालिंदीच्या नवऱ्याचा, टपाल खात्यातल्या मनोहररावांचा. "तरीच आमच्याकडे आमटी करपते!"

समारंभ संपल्यावर चिटणीस जवळ आले. "वहिनी, ते कपाट सोळा वर्षांखालच्यांसाठी आहे. तुमच्या वयाला शोभेलसं पुष्कळ आहे आपल्याकडे."

"एवढं संपवून देते, काका. तीसच पानं राहिलीत."

"नियम सगळ्यांना सारखा."

"अगं, देऊन टाक ना," मनोहरराव म्हणाले. "लहान मुलासारखा हट्ट काय!"

तिने पुस्तक दिलं. त्याच्या बदल्यात काकांनी गृहिणीधर्मावरचा एक जाडजूड ग्रंथ तिच्या हातात ठेवला.

ट्राममध्ये मनोहरराव पुढे उभे राहिले. मायलेकी बायकांच्या बाकावर बसल्या.

"आई," आशा हळूच म्हणाली, "त्या पुस्तकातली मुलगी भावाला शोधायला स्टीमरवर चढली होती ना? कोळशाच्या पोत्यांमागे लपली होती. पुढे काय झालं तिचं?"

कालिंदीने वळून पाहिलं. म्हणजे पोरीने सगळं ऐकलं होतं, रोज संध्याकाळी. क्षणभर तिच्या ओठांवर वादळ आलं, अनोळखी बंदर आलं, बंदरावर उभा असलेला भाऊ आला.

"पुढे काय व्हायचंय," ती म्हणाली. "पकडून घरी आणली. लग्न करून दिलं."

आशाचा चेहरा उतरला. "त्या पुस्तकांत असं नसतं," ती पुटपुटली.

बेहाल्याचा थांबा आला तशी कालिंदी आधी उतरली, आणि लेकीला हात द्यायला मागे वळली नाही.