मुठीला येणारी वाम

मास्तरांच्या नजरेचा त्या डोहावर मोठा बोलबाला होता, आणि मास्तरांनी तो कधी कमी होऊ दिला नव्हता. पाहुण्यांच्या पाठीवर हवेची टाकी बांधायची, त्यांना डोहाच्या तळाशी न्यायचं, कासवं, खेकडे, दगडाच्या रंगाचे मासे दाखवायचे आणि सगळ्यांना धडधाकट वर आणायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. तसं हे बाकीचे वाटाडेही करत. पण तळाच्या कपारीत एक वाम राहायची, सापासारखी लांब आणि मांडीएवढी जाड मासळी. ती हमखास दिसायची ती फक्त मास्तरांबरोबर गेलं की. मास्तर तिला काकू म्हणत. "आज काकूंचं दर्शन होणार का?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "बघू या, काकूंचा मूड काय म्हणतो." आणि काकू हटकून यायच्या.

यात नजरेचा संबंध काडीचा नव्हता. मास्तर हातमोज्यात कोंबडीच्या काळजाचे तुकडे न्यायचे. पाहुणे कासवात गुंतले की हे कपारीपाशी मूठ धरायचे, काकू येऊन तुकडा घ्यायच्या, आणि मग मास्तर वळून ऐटीत बोट दाखवायचे. वर काठावर लाल अक्षरांत पाटी होती, 'पाण्यातल्या कोणत्याही जिवाला खायला घालू नये'. ती पाटी मास्तरांनीच रंगवलेली. आता बोला!

सहा महिन्यांपूर्वी मास्तरांची मुलगी परवाना काढून त्याच डोहावर कामाला लागली. लहानपणापासून पोरीला एकच वेड, बाबांसारखं व्हायचं. नियमांना तर इतकी पक्की की बाकीचे वाटाडे तिला हसायचे. पण काकू काही तिला दिसेनात. पाहुणे कुरकुरायचे, "तुमचे वडील असते तर दिसली असती." बिचारी दोनदा जाऊन चष्म्याचा नंबर तपासून आली. मास्तर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नजर अशी चार दिवसांत येत नाही गं. वेळ लागतो." अहो, बापाच्या तोंडून हे निघालं तरी कसं? पण निघालं, आणि त्यानंतर ते दोन घास जास्तच जेवले.

मग तो मंगळवार आला. मुलीबरोबर एक पाहुणा होता, घड्याळं दुरुस्त करणारा, साधा, भिडस्त माणूस. हवा कमी झाली तर मूठ छातीशी धरायची, ही खूण तिने त्याच्याकडून काठावर तीनदा करून घेतली होती. नेमकी कपारीपाशीच त्याची हवा कमी झाली. त्याने शहाण्यासारखी मूठ धरली, आणि काकू सुसाट आल्या. दोन बोटं हाडापर्यंत फाटली. माणूस घाबरून वर पळायला बघत होता, तसं एकदम वर जाणं जिवावर बेततं. मुलीने त्याला घट्ट धरलं, स्वतःच्या टाकीची दुसरी नळी त्याच्या तोंडात दिली आणि हळूहळू वर आणलं.

डोहाच्या व्यवस्थापक बाईंनी त्याच दिवशी पाहुण्यांचं पाण्यात उतरणं बंद केलं आणि मुलीचा परवाना आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. "वाम अशी आपण होऊन माणसाच्या हातावर येत नाही," बाई म्हणाल्या. "कोणीतरी तिला सवय लावलीय. आधी तिला पकडून वरच्या बंद तळ्यात सोडा. मग परवान्याचं बघू."

तीन वाटाड्यांनी दोन दिवस डोह पालथा घातला. काकूंचं शेपूटही दिसलं नाही. मग सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"मी बघतो," मास्तर म्हणाले. "एकटाच जातो."

"एकट्याने उतरायचं नाही, मास्तर. तुम्हीच शिकवता ना सगळ्यांना?" बाई म्हणाल्या.

"मी जाते बाबांबरोबर," मुलगी म्हणाली. "मलाही एकदा बघायचंय, बाबा तिला शोधतात कसे."

खाली गेल्यावर मास्तरांनी शोधण्याचं नाटक सुरू केलं. या फटीत डोकाव, तो दगड चाचप. मुलगी प्रत्येक हालचाल डोळ्यांत साठवत होती. हवा संपत चालली होती. 'नाही सापडली' म्हणून वर जाता आलं असतं, पण मग पोरीचा परवाना खणातच राहिला असता. तिचं एवढंसं झालेलं तोंड त्यांना दोन दिवस बघवत नव्हतं, हे मात्र खरं. शेवटी त्यांनी तिला खडकाच्या पलीकडे बघून ये अशी खूण केली. ती दिसेनाशी झाली आणि मास्तरांनी मूठ धरली.

काकू आल्या. मास्तरांनी त्यांना जाळीच्या पिशवीत घेतलं, तोंड आवळलं आणि वळले, तर मुलगी हातभर अंतरावर. जोडीदाराला नजरेआड करायचं नाही, म्हणून ती अर्ध्यातूनच परतली होती. तिने पिशवीकडे पाहिलं, मग मुठीकडे पाहिलं. मुठीच्या बोटांतून काळजाचा एक लाल तुकडा अजून डोकावत होता. मग तिने अंगठा वर करून वर जायची खूण केली.

"मानलं तुमच्या नजरेला!" ऑफिसात बाई खूश होत्या. अहवालाचा कागद त्यांनी पुढे ओढला. "आता सवय कोणी लावली तेवढं सांगा. तो रकाना भरल्याशिवाय परवाना देता येत नाही मला."

"त्या घड्याळवाल्यानेच मुठीत काहीतरी नेलं असणार," मास्तर लगेच म्हणाले. "पाहुणे ऐकतात थोडेच?"

"असं लिहू? चूक त्याची?"

"लिहा."

"त्याच्या मुठीत काही नव्हतं," मुलगी म्हणाली. "मी शिकवलेली खूण केली त्याने."

"मग कोण?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. "बाबा?" ती म्हणाली. मास्तर गळ्यातला पाण्यात घालायचा चष्मा पुसायला लागले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिले. बावीस वर्षं, सगळे वाटाडे दाराबाहेर उभे, आणि त्यांच्यासमोर आपण कोण ठरणार, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

"मी घातलं तिला खायला," मुलगी म्हणाली.

बाई बघतच राहिल्या. "अगं, परवाना कायमचा जाईल. पुन्हा कुठेच मिळणार नाही. कळतंय ना, काय बोलतेस ते?"

"कळतंय." ती बाईंशी बोलत होती, पण बघत होती मास्तरांकडे. अजूनही तिला आशा होती, वेड्या पोरीला.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "हे तुम्ही शिकवलंत हिला?"

सगळं सांगायला यापेक्षा सोपी जागा मास्तरांना पुन्हा मिळणार नव्हती, आणि हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळत होतं.

"नाही," मास्तर म्हणाले. "मी नाही असलं काही शिकवलं."

बाईंनी तेही लिहून घेतलं आणि कागद मुलीपुढे सरकवला. तिने तो न वाचताच सही केली.