दिव्य थेंब

"दिसलं! मला समोरचं घड्याळ दिसलं!"

व्यासपीठावरचा म्हातारा ओरडला आणि हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. महाराजांनी नुकतंच त्याच्या पापणीखालून चिमटीने काहीतरी ओढून काढलं होतं. पांढरट, ओलं, नखाएवढं. चेल्याने ते काचेच्या वाटीत घालून पहिल्या रांगेपुढून मिरवलं.

"हेच ते मोतीबिंदूचं जाळं!" महाराज माइकमध्ये गरजले. "ना सुरी, ना टाका! डॉक्टर काय करतात? देवाने दिलेलं भिंग काढून फेकतात आणि कारखान्यातलं प्लास्टिक बसवतात. अरे, डोळा आहे की मिक्सर, पार्ट बदलायला?"

लोक पोट धरून हसले. शेजारी बसलेली माझी आत्याही हसली. मी दातओठ खात होतो.

आत्याने उभा जन्म शिलाई मशीनवर काढला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तशी सुईत दोरा ओवायलाही ती शेजारणीला हाक मारू लागली. भिंग बदलायचं छोटं ऑपरेशन आहे, असं डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं. पण डोळ्याला सुरी म्हटलं की आत्या दवाखान्याच्या दारातूनच मागे फिरे.

"आत्या, चल घरी. हा शुद्ध भामटा आहे."

"तू शाळेत पोरांना विज्ञान शिकव. मला नको शिकवू."

दारातच सगळ्यांच्या एकेका डोळ्यात 'दिव्य थेंब' घातला होता. मग लांबलचक प्रवचन, आणि त्यानंतर चमत्कार. आत्याचा नंबर आला, उजव्या डोळ्यातलं 'जाळं' निघालं, आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अगंबाई! तुझ्या दाढीत पांढरे केस आलेत की रे!"

मी चक्रावलो. तिला खरंच दिसत होतं. घरी आल्यावर मात्र तिने काळ्या पँटला निळ्या दोऱ्याने टीप घातली.

"हा रंग कुठला?" मी रीळ पुढे धरलं.

"काळा. का रे?"

"जाळं गेलं, तर निळा निळा का दिसत नाही?"

"तुझी जीभ म्हणजे माझी कात्री," ती फणकारली.

तिने सोबत दिलेल्या बाटलीतले थेंब घालणं चालू ठेवलं. डोळा लाल झाला, डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या. तिने महाराजांना फोन लावला. उत्तर आलं, "घाण बाहेर पडतेय, माई. थेंब घालत राहा. आणि नास्तिकांना सांगू नका."

तिने ऐकलं. मला कळलं तेव्हा ती भिंतीला कपाळ टेकून कण्हत होती.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातली पसरलेली, न आकसणारी बाहुली पाहिली आणि बाटली टेबलावर आपटली. "बाहुली मोठी करायचं औषध! डोळे तपासताना आम्हीही असलं घालतो, पण आधी डोळा पाहून. मोतीबिंदू मधोमध असला की मोठ्या झालेल्या बाहुलीच्या कडेने उजेड आत शिरतो, आणि काही तास बरं दिसतं. मोतीबिंदू जागच्या जागी असतो. पण यांच्यासारख्या, आत जागा अरुंद असलेल्या डोळ्यात बाहुली पसरली की आतलं पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि मागची नस मरते. भिंग बदलता येतं हो! नस बदलता येत नाही."

उजवा डोळा गेला. दुखणं आटोक्यात आल्यावर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भूल फक्त डोळ्यापुरती, आत्या पूर्ण जागी.

"झालं, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"झालं? एवढंच?" आत्याने डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "तो भडवा पुन्हा कधी येतोय?"

तो आला. आम्हीही गेलो. डॉक्टरीणबाई थेट व्यासपीठावर चढल्या आणि नुकत्याच 'बऱ्या' झालेल्या बाईच्या डोळ्यावर टॉर्च धरला. "या, पाहा. उजेड पडला की बाहुली आकसते. ही आकसत नाही, औषधाने ताठरलीय. आणि तिच्यामागे हे पांढरं काय आहे? मोतीबिंदू! मग वाटीतलं काय?" त्यांनी तो तुकडा बोटावर ताणला. "अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा. चिमटीत लपवतात."

लोक एकेक करून वाकून बघू लागले. आत्यानेही पुढे होऊन आपला गेलेला डोळा दाखवला. महाराजांनी आत्याकडे बोट दाखवलं. "हिची श्रद्धा कमी पडली!"

"कमी पडली असती तर डोळा वाचला असता, मेल्या!" आत्या कडाडली.

महाराज अंगावर धावून आले. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च त्यांच्याच तोंडावर वळवला आणि नीट निरखून पाहिलं. "ही चकाकी मी रोज बघते. महाराज, तुमच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंग आहे. ऑपरेशन कुठे केलंत?"

महाराजांनी डोळ्यांवर हात धरले आणि मागच्या दाराने गाडी गाठली. पोलिसांत तक्रार दिली आहे. तो अजून सापडलेला नाही. आज कुठल्यातरी गावात वाटी मिरवत असेल.

वय झालं की डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. हे पाप नाही, शाप नाही. ते चिमटीने निघत नाही, थेंबाने विरघळत नाही. ते बदलावं लागतं. ऑपरेशनमध्येही धोका असतो, पण डॉक्टर तो आधी सांगतात आणि नंतर फोन उचलतात. आत्या आता पुन्हा मशीनवर बसते, पण उजवीकडून कुणी आलं की दचकते. ते पाहून माझं रक्त उकळतं. तुमचंही उकळू द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.