दुहेरी तार

बायकोनं रोपवाटिकेत वाढवलेलं शेवटचं रोप आम्ही दोघांनी नदीकडच्या पायवाटेवर लावलं, त्याला पाच वर्षं झाली. ते पाहायला ने म्हणून मी लेकीच्या मागे लागलो होतो. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून मला खाली उतरवायचं म्हणजे जावयाची सुट्टी, गाडी, माझा गुडघा, सगळं जुळून यावं लागतं. शेवटी एका रविवारी जमलं. मी खिशात पक्कड टाकली, तर लेक म्हणाली, झाड पाहायला चाललोय की नळ दुरुस्त करायला?

ती पायवाट आहे त्या राखीव जंगलात मी एकवीस वर्षं मुकादम होतो. पायवाटा आखल्या, पुरानं नेल्या की पुन्हा आखल्या. प्रत्येक रोपाला नंबराचा पत्रा तारेनं बांधायचा, तार आणि खोडात दोन बोटं जातील एवढी जागा ठेवायची, दर हिवाळ्यात ती आणखी सैल करायची, हे तिथल्या प्रत्येक मजुराला मी शिकवलं. ज्यानं चुकवलं त्याला सबंध रांग पुन्हा बांधायला लावली.

हिच्या रोपाला मात्र मी तार दुहेरी घेतली आणि घट्ट पिळली. पुरात पत्रा वाहून गेला तर एवढ्या झाडांत हिचं कोणतं ते कसं कळणार? ती मातीचे हात घेऊन शेजारी उभी होती.

"इतकं आवळू नका हो. पळून जाणार आहे का ते?"

हिवाळ्यात सैल करीन म्हटलं. हिवाळ्याआधीच ती गेली. मग गुडघ्यानं दगा दिला आणि लेक मला घेऊन गेली.

फाटकावर माझ्या हाताखाली तयार झालेला वनरक्षक भेटला. त्यानं खुर्ची दिली, लेकीची चौकशी केली आणि नदीकडची वाट ओली आहे, टेकडीकडून जा म्हणाला. पंधरा दिवस पाऊस नव्हता. मी उठून नदीकडे चालू लागलो. तो मागून आला.

झाड उभं होतं. माझ्या दुप्पट उंच, आणि वाळलेलं. कमरेच्या उंचीवर तार सालीत रुतून दिसेनाशी झाली होती. तिच्या वर खोड फुगलेलं, खाली बारीक. पत्रा अर्धा लाकडात गेला होता. वाटेवर कोसळू नये म्हणून तोडायचं, याची लाल फुली त्यावर मारलेली होती.

कीड लागली असेल, लेक म्हणाली. वनरक्षकानं लगेच मान डोलावली, यंदा कीड फार आहे म्हणाला.

मी पक्कड काढली. तिचं तोंड तारेपर्यंत पोहोचेना.

"तू तर इथंच होतास," मी त्याला म्हणालो.

"मुकादम, जाताना तुम्हीच बजावलं होतंत. या झाडाला कुणी हात लावायचा नाही, मी येईन. आम्ही नाही लावला."

खरं होतं. हिच्या झाडाला परका हात नको, असं मला वाटलं होतं.

लेकीनं माझ्या हातातली पक्कड घेतली आणि पर्समध्ये ठेवली.

परतताना वाटेच्या दोन्ही बाजूंना मजुरांनी लावलेली झाडं होती, हिरवीगार. मी थांबून एका तारेखाली बोटं घालून पाहिली. दोन्ही आरामात गेली.