मी, आउनेमावशी आणि एक प्रश्न

“अगं मावशी, यंत्र चावत नाही. दाब की!”

मित्रांनो, वर्षे लोटली, तरी ओइवाचा तो हसरा आवाज माझ्या कानातून जात नाही. मी फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातला एक म्हातारा लॅपटॉप. माझे कान म्हणजे पडद्याच्या वरचे एक बारीकसे छिद्र, पण त्याने ऐकले फार.

माझी उमेदीची वर्षे एका विमा कचेरीत गेली. पुढे बाजारातली नवी संगणकप्रणाली मला पेलेना, म्हणून धडधाकट असूनही मी भंगारात पडलो. तिथून ओइवाने मला उचलले आणि माझ्यात ‘कैस्ला’ घातली. कैस्ला म्हणजे लव्हाळा. ओइवाच्या मंडळातल्या सहाजणांनी फावल्या वेळात विणलेली, फुकट वाटलेली प्रणाली. इतकी हलकी, की मला पुन्हा पालवी फुटली. पण ती वश व्हायची फक्त जाणत्यांना. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिता आल्या तर ठीक, नाहीतर दार बंद.

“आपल्या आयांना वापरता येत नसेल, तर आपण नुसतं आपलं खेळणं केलंय,” त्यांच्यातली केर्ट्टू एकदा म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी मंडळाच्या खोलीत, दाराशी बूट काढून, कुणीतरी साधे माणूस माझ्यापुढे बसू लागले. कैस्लाची नवी आवृत्ती त्याने स्वतः बसवायची. मागे एकाने बसायचे, तोंड मिटून, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मदत करायची नाही. माणूस कुठे अडला तेवढे लिहायचे. कारण माणूस अडला, तर चूक त्याची नव्हे, आपली, असा त्यांचा नेम होता. फार सुंदर नेम होता तो.

सातजण एकाच प्रश्नाशी अडले. ‘सर्व डिस्क वापरायची?’ खाली एकच बटण, ‘होय’. आत असलेले सारे पुसले जाईल, हे कुठेच लिहिलेले नव्हते. “आठवाही अडला, तर आवृत्ती थांबवायची,” केर्ट्टूने बजावले. ओइवाने तर नव्या आवृत्तीची तारीख जाहीर करून टाकली होती.

आठवी होती आउनेमावशी, त्याची सख्खी मावशी. सारा जन्म कापडगिरणीत गेलेली. आदल्या गुरुवारी, ओइवा नसताना, केर्ट्टूच्या मदतीने तिने एका कॅसेटवरची आईची अंगाईगीते माझ्यात उतरवली होती. उतरली आणि जीर्ण फीत तुटली. दुसरी प्रत काढायची राहून गेली. आता तो आवाज फक्त माझ्या पोटात होता:

नीज गं माझ्या सोनी, तळ्याला नीज आली
बर्फाच्या गोधडीत मासोळी गुडूप झाली

“सर्व डिस्क म्हणजे रे काय?” मावशी थबकली. “माझ्या घरी येऊन सगळं घर वापरू का म्हणालास, तर आधी विचारीन, माझं सामान कुठे टाकणार?”

मागे बसलेला ओइवा म्हणाला, “दाब की!” बोलणेही नेमाबाहेरचेच. कॉफीच्या वाफेने तिचा चष्मा धुरकटला, ती तो पुसू लागली. तेवढ्यात ओइवाचा एक हात मांडीखालून निघाला आणि माझ्या बटणावर पडला.

“अय्या, पुढे गेलं! मी दाबलं का?”

“हो, तूच.”

कागदावर त्याने लिहिले, ‘अडचण नाही.’

गाणी गेल्याचे कळले तेव्हा केर्ट्टू रडली. बाकीचे मावशीला हसले. “आता माणसांचीच नवी आवृत्ती काढा!” ओइवाने ‘अडचण नाही’चा कागद फायलीला लावला. तो प्रश्न तसाच देशभर गेला. कुणाचे फोटो गेले, कुणाची पत्रे. लोकांनी कैस्लाला शिव्या घातल्या आणि सोडून दिली. मावशी तर ट्रामच्या तिकिटयंत्रालाही बोट लावीनाशी झाली. मी फळीवर धूळ खात राहिलो. मला सगळे ठाऊक होते, पण मला विचारतो कोण?

मित्रांनो, अडलेल्याला हसू नका. त्याच्या अडण्यात तुमची चूक दिसत असते, ती पुसू नका.

परवा मंडळाची खोली रिकामी केली. ओइवा मला मावशीकडे घेऊन आला. “राहू दे तुझ्याकडे.”

तिने हात मागे घेतले. “नको रे बाबा. ह्याच हातांनी मी आईला पुसलं. दुसरं कडवं आठवायला बसते, येतच नाही. ने ते इथून.”

ओइवाच्या अंगात अजून कोट होता. तो तसाच उभा राहिला.

“मावशी, तू चष्मा पुसत होतीस. ते बटण मी दाबलं.”