सोळा पूर्व

मी स्क्रू फिरवला की आमची इमारतही फिरते, आणि एक वेढा पुरा झाला की वीतभर जमिनीत जाते.

यात स्क्रूचा दोष नाही. काळ्या मातीत पाया हलला की त्याखाली लोखंडी स्क्रू पाइल पिळत न्यायचा आणि कठीण मुरूम लागला की थांबायचं. वीस वर्षं हेच करतोय. मुरूम केव्हाच लागला. पण आमच्या सोसायटीत थांबायचं कधी, हे मुरूम ठरवत नाही, वास्तुशास्त्र ठरवतं.

चेअरमन दिघावकर अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर होकायंत्र घेऊन बसले होते. त्यांचं दार पूर्वेला आलं तसा त्यांनी हात वर केला. मी मशीन थांबवलं.

“आणि आमचं दक्षिणेला गेलं त्याचं काय?” सेक्रेटरी टिपणीसबाई म्हणाल्या. “फिरवा हो.”

सोळा बिऱ्हाडं, सोळा पूर्व. शिकलेली माणसं म्हणे! गाढवसुद्धा एका दिशेला तोंड करून उभं राहतं.

तळमजला माझा. दार मातीत गेलं, तेव्हा माझी बायको मंदा आतच होती. खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप नको, शोभा जाते, असा ठराव याच शहाण्यांनी केलेला. आणि मी? पहिले वेढे मी गुमान फिरवले. माझंही दार पूर्वेला येईल, अशी आशा होती. थुंकावं माझ्या तोंडावर.

“अहो, माती आत येतेय,” मंदा उरलेल्या फटीतून म्हणाली.

“दिघावकर, ग्रिल कापतो.”

“त्याला जनरल बॉडी लागेल. तुम्ही फिरवा.”

मी मशीनची दांडी उलटी ओढली. इमारत हलली नाही. अंगणच उलटं फिरू लागलं, मशीनसकट, खुर्च्यांसकट, आणि खाली जाऊ लागलं. खिडकी मोकळी झाली, मग दार. मी दांडी सोडली. अंगण थांबेना. दाराकडे धावलो तोवर ते पलीकडे गेलं होतं.

“चालू द्या,” दिघावकर म्हणाले. “अंगणाला पूर्व लागली की हात वर करतो.”

दार परत परत येत राहिलं, दर वेळी वर वर. मंदा उंबऱ्यावर पालथी पडून हात खाली सोडायची. मी टाचा उंचावल्या. बोटांना बोटं लागली. तेवढ्यात अंगण वळलं.

पुढच्या वेढ्याला ती समोर आली तेव्हा वीतभर वर होती.