राहणारीचा शब्द

दुसऱ्याची चूक पिरिहिराला घासातल्या खड्यासारखी लागायची, आणि लागली की ती बोलून दाखवल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

धाकटी बहीण काराराइना पुतण्याच्या लग्नासाठी ब्रिस्बेनहून आली होती आणि रात्रीच्या विमानाने परत जाणार होती. दुपारी दोघी ओराकेईच्या टेकडीवरल्या बागेत पिरिहिराने भाजलेला पाव खात बसल्या. पाण्यापलीकडे ऑकलंडचे मनोरे. येणारे-जाणारे त्या मनोऱ्यांकडे पाठ करून हसत फोटो काढत होते. या दोघींचं तोंड मात्र खालच्या खाडीकडे. सरकारने तिथली माओरी वस्ती उठवून जाळली, त्याआधी तिथे त्यांच्या आईचं घर होतं.

"पावाचं आंबवण अजून आईचंच का गं?" काराने विचारलं.

"नाही तर काय तुझ्या ब्रिस्बेनचं? तिकडे पीठ आंबलं की फेकून देतात म्हणे."

कारा हसली. पावाचा चुरा चिमण्यांना टाकत सहज बोलावं तसं म्हणाली, "घरमालक आज उत्तर मागतोय, ताई. करार वाढवायचा की घर सोडायचं."

नवरा गेल्यापासून पिरिहिराला हेच हवं होतं: काराने परत यावं, मागच्या खोलीत राहावं. पण सोडून कोण गेलं होतं? कारा. मग आधी तिनेच म्हणावं. हिशेब साधा होता.

"मग?"

"मग काही नाही. मागच्या खोलीत हल्ली काय असतं?"

"नातवाचे ढोल. गुणी भाडेकरू आहेत. चहा मागत नाहीत."

"मीही फार पीत नाही," कारा म्हणाली.

पिरिहिराने पाव फडक्यात गुंडाळला. तिच्या बसची वेळ झाली होती. दोघींनी माओरी रीतीने नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवलं. कारा पुन्हा बाकावर बसली आणि म्हणाली, "हाएरे रा, ताई."

म्हणजे 'जा, सुखाने जा'. हे राहणाऱ्याने जाणाऱ्याला म्हणायचं. जाणारा म्हणतो 'ए नोहो रा': 'राहा, सुखाने राहा'.

"अगं बये, निरोप घ्यायलासुद्धा विसरलीस? देश सोडून तू चाललीस की मी? म्हण, ए नोहो रा!"

"ए नोहो रा," कारा हळूच म्हणाली.

बस उतार उतरू लागली तेव्हा कुठे पिरिहिराच्या डोक्यात उजेड पडला. आईच्या मांडीवर शिकलेला शब्द असा चुकत नाही. कारा राहते म्हणाली होती. आणि आपण तिची चूक सुधारली!

तिने घाईघाईने फोन लावला. "कारा, ढोल काय, गॅरेजमध्ये जातील. आजच हलवते."

पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता.

"घरमालकाला कळवलं मी, ताई. वाढव म्हटलं. तू माझी भाषा सुधारलीस ना, त्यानंतर लगेच."

"एकाच वर्षाचा असेल ना करार?"

"दोन. त्याहून कमी तो देतच नाही."

पिरिहिराला ऐंशीवं लागलं होतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. टेकडी मागे राहिली होती.

"तिथे वारा फार असतो," ती शेवटी म्हणाली. "डोक्याला काहीतरी बांध."