गाळलेली टीप

“कमलबाई कोन शे आठे?”

पेपरच्या कचेरीच्या दारात एक माणूस उभा होता. चपलांना चिखल, हातात वर्तमानपत्राचं घडी घातलेलं कात्रण. कमलबाईंनी चष्मा सारखा केला. त्यांच्या सदरातला पदार्थ फसला की वाचक बायका पत्र लिहीत. क्वचित एखादीचा नवराही जळगावला बाजाराला आला की डोकावून जाई.

“मीच. बसा भाऊ. काय बिघडलं?”

“मनी माय गई.”

तो बसला नाही. उभ्यानेच बोलला. नाव हिलाल, पारोळ्याजवळच्या खेड्यातला. मागच्या चतुर्थीला आईचा उपास होता. त्याची बायको ताईबाई सातवीपर्यंत शिकलेली, दर गुरुवारी पेपरातलं पाककृतीचं सदर वाचणारी. बाजारात डोंगरातला कडू कंद विकायला आला होता. सदरात त्याचीच उपासाची भाजी छापलेली. तिने हौसेने केली. म्हातारीला मध्यरात्रीच उलट्या सुरू झाल्या. धुळ्याच्या दवाखान्यात ती दोन दिवस जगली.

“बायको सांगस, कागदमा लिखेल तसंच करं. गाव सांगस, सूननी सासूले मारं.”

“असं कसं म्हणतात?”

“तिनी सोता खादं नही ना. तिना उपास नव्हता, बाई. पन कोन ऐकस? मी भांडाले येल नही. फक्त सांगा, हाऊ कागद बराबर शे का?”

कमलबाईंनी कात्रण वाचलं. ‘वरून दाण्याचे कूट घालून गरम वाढावे.’ तिथेच मजकूर संपत होता आणि खाली साबणाची जाहिरात होती.

त्या कपाटाकडे गेल्या. हस्तलिखितं त्या तारखेवार ठेवत. पान सापडलं. कुटाच्या ओळीखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘टीप : कंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात तीनदा उकळून प्रत्येक वेळी पाणी फेकावे. न केल्यास विषबाधा होते.’

अकरा वर्षं त्या हे सदर सांभाळत होत्या. आधी मुलींच्या शाळेत शिवण आणि स्वयंपाक शिकवायच्या. नवरा वारल्यावर इथे आल्या. आलेली प्रत्येक पाककृती स्वतःच्या स्टोव्हवर केल्याशिवाय त्यांनी छापायला दिली नव्हती. ‘अंदाजाने मीठ’ असं कुणी लिहिलं तर कार्ड टाकून विचारत, अंदाज म्हणजे किती. हा कंदही त्यांनी तीनदा शिजवला होता, स्वतः खाल्ला होता.

“भाऊ, ओळ होती,” त्या म्हणाल्या. “छापताना गेली.”

हिलालने पान हातात घेतलं. बोट फिरवत सावकाश वाचलं. मग तो बसला.

कमलबाईंनी छापखान्यात जाऊन अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या भटूला विचारलं. तो म्हणाला, “ताई, जाहिरात उशिरा आली. दोन ओळी काढा म्हणाले. टीपच काढतो आपण नेहमी. तुम्ही असता तर विचारलं असतं.”

त्या नव्हत्या. दर बुधवारी संध्याकाळी थांबून त्या पान तपासत. त्या बुधवारी वरणगावला भाचीची हळद होती, म्हणून चारच्या गाडीने निघून गेल्या. जाहिरात आली की टीप जाते, हे त्यांना अकरा वर्षं माहीत होतं. तरी विषाची गोष्ट त्यांनी टिपेत लिहिली होती.

संपादक अभिमनराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी पंखा लावला, पाणी मागवलं.

“वाईट झालं, ताई. पण दुरुस्ती छापली की आपण गुन्हा कबूल केला. उद्या कोर्टात उभे राहू.”

“आणखी कुणाच्या घरात तो कंद असेल तर?”

“पंधरा दिवस झाले. असता तर कळलं असतं.”

“त्या पोरीला गाव खुनी म्हणतंय.”

“गाव विसरतं.” त्यांनी कमलबाईंच्या हातातल्या पानाकडे बोट केलं. “ते हस्तलिखित कचेरीचं आहे. ते घेऊन तिथे गेलात, तर मग या टेबलावर परत येता येणार नाही. मालकांना मी थोपवू शकणार नाही.”

कमलबाईंनी पान पिशवीत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने त्या पारोळ्याला उतरल्या. हिलाल ठरल्याप्रमाणे स्टँडवर होता. तो त्यांना गावातल्या घरी घेऊन गेला.

ओट्यावर भाऊबंद जमले होते. कमलबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आधी छापलेलं वाचलं, मग हाताने लिहिलेलं.

“सुनेने वाचलं तसंच केलं. चूक आमची आहे. पान तपासणं माझं काम होतं, मी तपासलं नाही.”

हिलालचे चुलते, कौतिक आबा, म्हणाले, “छापेल खोटं, हातनं लिखेल खरं. आते आम्ही काय मानानं, बाई?”

“मी खोटं कशाला बोलू, आबा? माझी नोकरी गेली यात.”

“आमनी वहिनी गई,” आबा म्हणाले.

एकेक जण उठून गेला. जाताना एका म्हातारीने पान मागून घेतलं, वाचता येत नव्हतं तरी बघितलं, आणि परत दिलं.

ताईबाई मागच्या पडवीत होती. विशीतली. तिथे तिची वेगळी चूल मांडून दिली होती. तिच्या हातचं पाणीसुद्धा घरात कुणी पीत नव्हतं. हिलाल प्यायचा, तोही आबा नसले की. कमलबाईंनी तिला पान वाचायला दिलं. तिने शेवटच्या दोन ओळी ओठ हलवत वाचल्या, परत वाचल्या. रडली नाही.

“इतलंच लिखानं व्हतं?” तिने विचारलं.

“इतकंच.”

दोघी काय बोलताहेत ते घरातली माणसं आतल्या दारातून वाकून बघत होती.

“मला भूक लागली आहे,” कमलबाई म्हणाल्या. “तू जेवायला काय केलंस?”

ताईबाईने दचकून दाराकडे पाहिलं. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत ताटलीत वाढलं. कमलबाई सगळ्यांना दिसेल अशा उंबऱ्यापाशी बसल्या आणि खाऊ लागल्या. पोरीच्या लक्षातच राहिलं नव्हतं : भरतात मीठ नव्हतं.

त्यांनी मीठ मागितलं नाही. ताटली पुढे करून आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.